बर्फालाही न डरणारी झाडे

सुमारे १२०० वर्षांपूर्वी युरोपात शार्लमेन नावाचा बलाढ्य सम्राट होऊन गेला. त्याच्या काळात शाही जमिनींच्या व्यवस्थेसाठी एक फर्मान निघाले होते. बागेत कोणत्या भाज्या, कोणत्या औषधी आणि कोणती फळझाडे असावीत, याची लांबलचक यादी त्यात आहे. त्याच यादीत माळ्यासाठी एक वेगळीच आज्ञा आहे. माळ्याने आपल्या घराच्या छपरावर ‘ज्युपिटरची दाढी’ नावाची वनस्पती लावावी, असे ती सांगते. ज्युपिटर हा रोमन लोकांचा विजेचा देव. त्याची दाढी छपरावर असली की घरावर वीज कोसळत नाही, अशी समजूत युरोपात शतकानुशतके होती.

वीज अडवण्याची शक्ती या झाडात नाही, हे वेगळे सांगायला नको. पण त्याची चिवट जीवनशक्ती मात्र खरी आहे. मूठभर मातीत, कौलांच्या फटीत, उन्हाळ्याचे ऊन आणि हिवाळ्याचे बर्फ सोसत ते वर्षानुवर्षे तग धरते. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली त्याची नोंद ‘सेम्परव्हिवम टेक्टोरम’ या नावाने केली. लॅटिन भाषेतील या नावाचा अर्थ ‘छपरावरचे सदाजिवंत’ असा होतो.

मांसल पानांची झाडे, म्हणजे ज्यांना रोपवाटिकेत सक्युलंट म्हणतात ती, आपल्याला अनोळखी नाहीत. कोरफड, पानफुटी, घायपात, निवडुंग ही सारी त्याच प्रकारातली. त्यामुळे अशी झाडे म्हणजे कडक ऊन आणि कोरडी जमीन, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले असते. मग नोकरीतील बदलीमुळे सिमला, श्रीनगर किंवा लेहला बिऱ्हाड हलवावे लागले की सामानाबरोबर कोरफडीची कुंडीही जाते. पहिल्याच कडाक्याच्या रात्री ती बाहेर राहिली तर सकाळी तिची पाने काचेसारखी दिसतात आणि ऊन चढताच उकडलेल्या भाजीसारखी मऊ पडतात. ‘थंडीत असली झाडे जगतच नाहीत’ असे म्हणून गृहिणी तो नाद सोडून देते.

हा निष्कर्ष मात्र बरोबर नाही. आल्प्स, कॉकेशस, हिमालय अशा उंच पर्वतांमध्ये मांसल पानांची शेकडो झाडे मुळातच उगवतात. बर्फ हा त्यांच्या वर्षाचा नेहमीचा भाग आहे. गरज आहे ती योग्य झाड निवडण्याची आणि त्याला चुकीच्या मायेपासून वाचवण्याची.

पानातले पाणी गोठले तर?

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. बर्फाच्या कपाटात ठेवलेली काठोकाठ भरलेली बाटली फुटते ती याच कारणाने. कोरफडीच्या पानात पाणीच पाणी असते. ते पेशींच्या आत गोठले की बर्फाचे स्फटिक पेशींची आवरणे फाडून टाकतात. बर्फ वितळल्यावर पानात उरतो तो नुसता लगदा.

थंड प्रदेशातल्या मांसल झाडांनी यावर उपाय शोधला आहे. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गारठू लागल्या की ही झाडे तयारीला लागतात. पेशींमधील पाणी ती कमी करतात आणि साखरेचे प्रमाण वाढवतात. साखरेचा पाक साध्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला गोठतो, हे आपण स्वयंपाकघरात पाहतोच. शिवाय बर्फ तयार झालेच तर ते पेशींच्या आत न होता पेशींच्या मधल्या जागेत होते. त्यामुळे पेशी आक्रसतात, पण फाटत नाहीत.

ही तयारी डोळ्यांनाही दिसते. उत्तर अमेरिकेत ‘ओपंशिया ह्युमिफुसा’ नावाचा फड्या निवडुंगाचा एक ठेंगणा भाऊ आहे. हिवाळ्यापूर्वी त्याचे फड सुरकुततात, ढिले पडतात आणि जमिनीवर आडवे होतात. अननुभवी माणसाला वाटते, झाड मेले. वसंतात तेच फड पुन्हा पाणी पिऊन ताठ उभे राहतात. सेम्परव्हिवमची पाने थंडीत आत मिटून घट्ट गोळा बनतात आणि अनेक जातींत त्यांचा हिरवा रंग लाल किंवा जांभळा होतो. हा रोग नव्हे. अशा वेळी घाबरून पाणी घालणे म्हणजे झाडाने केलेली सारी तयारी मोडणे होय.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ही तयारी एका रात्रीत होत नाही, तिला काही आठवडे लागतात. उबदार खोलीत वाढलेले झाड डिसेंबरमध्ये एकदम बाहेर ठेवले तर कितीही काटक जात असली तरी ते दगावू शकते.

पानफुटीने उलगडलेले कोडे

या सर्व झाडांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे आणि त्याच्या शोधाचा धागा भारताशी जुळलेला आहे. बेंजामिन हाइन हा वनस्पतितज्ज्ञ भारतात ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत होता. पानफुटीची पाने सकाळी चांगलीच आंबट लागतात, दुपारी बेचव होतात आणि संध्याकाळी थोडी कडवट लागतात, असे त्याच्या लक्षात आले. त्याचे या विषयावरील पत्र लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथात १८१५ साली प्रसिद्ध झाले.

कारण पुढे उलगडले. बहुतेक झाडे दिवसा पानांवरील सूक्ष्म छिद्रे उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात. पण छिद्रे उघडली की त्यातून पाणीही उडून जाते. पानफुटीसारखी झाडे म्हणून दिवसा दारे बंद ठेवतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला वायू ती आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उन्हात त्याचे अन्न बनवतात. सकाळचा आंबटपणा त्या साठ्याचा. पानफुटी, सेम्परव्हिवम आणि सेडम ही एकाच कुळातली झाडे, आणि शास्त्रज्ञांनी या पद्धतीला नावही त्याच कुळावरून दिले. पानफुटीत विषारी द्रव्येही असतात. त्यामुळे मुलांनी हा प्रयोग चाखून करू नये.

पाण्याचा इतका काटेकोर हिशोब ठेवणाऱ्या झाडाला रोज तांब्याभर पाणी घातले तर काय होईल, हे सहज समजण्यासारखे आहे.

कोणती झाडे निवडावीत?

सेम्परव्हिवम : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हे सर्वांत सोपे. जमिनीलगत कमळासारखा पानांचा गुच्छ आणि भोवती छोट्या छोट्या पिल्लांचा घोळका, असे त्याचे रूप असते. इंग्रजीत त्याला ‘कोंबडी आणि पिल्ले’ म्हणतात ते यामुळेच. नीट मुरलेले झाड उणे २५ अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी सोसते. याच्या ‘अ‍ॅराक्नॉइडियम’ या जातीत पानांच्या टोकांना जोडणारे पांढरे तंतू असतात, जणू कोळ्याने जाळेच विणले आहे.

सेडम : याचे दोन प्रकार ओळखावेत. एक जमिनीवर गालिच्यासारखा पसरतो. सेडम आक्रे आणि सेडम आल्बम हे त्यातले. दुसरा उंच वाढतो, पावसाळ्याच्या शेवटी गुलाबी फुलांचे झुपके देतो आणि हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळून जातो. वाळला म्हणून त्याला उपटून फेकू नये. बुडाशी पाहिले तर पुढच्या वर्षीचे कोंब तयार असतात. गालिच्यासारख्या सेडमचा काटकपणा इतका की अमेरिकेत डिअरबॉर्न येथील मोटारींच्या कारखान्याच्या १०.४ एकर छपरावर २००३ साली त्याचीच लागवड करण्यात आली.

काटक निवडुंग : वर सांगितलेला ओपंशिया ह्युमिफुसा आणि त्याचा भाऊ ओपंशिया फ्रॅजिलिस. हा दुसरा तर कॅनडातील पीस नदीच्या खोऱ्यापर्यंत, म्हणजे सुमारे ५६ अंश उत्तर अक्षांशापर्यंत आढळतो. यांच्या अंगावर केसांसारखी बारीक कुसळे असतात. ती बोटात रुतली की लवकर निघत नाहीत. घरात लहान मुले असतील तर हे झाड हाताला लागणार नाही अशा जागी असावे.

डेलोस्पर्मा : दक्षिण आफ्रिकेतील उंच पर्वतांतून आलेले हे झाड उन्हाळाभर चकचकीत फुले देते. ते सेम्परव्हिवमइतके काटक नाही, पण साधारण थंडी आणि हलके बर्फ सहज सोसते.

हिमालयाची आपली झाडे : सेडमचा एक नातेवाईक ‘हायलोटेलिफियम एवर्सी’ मध्य आशियापासून हिमालयापर्यंत खडकांवर उगवतो आणि गुलाबी फुलांनी भरून जातो. रोझुलारिया हे सेम्परव्हिवमसारखे दिसणारे छोटे झाडही पश्चिम हिमालयाच्या कड्यांवर सापडते. बियांपासून किंवा फांदीपासून तयार केलेली यांची रोपे रोपवाटिकेत मिळाली तर अवश्य घ्यावीत.

खरेदी करताना सावध

सेम्परव्हिवमची हुबेहूब जुळी बहीण वाटावी अशी एचिव्हेरिया रोपवाटिकांत सर्रास मिळते. ती मेक्सिकोकडची. दिसायला फार सुंदर, पण कडक थंडीत टिकत नाही. अनेकांची निराशा होते ती येथेच. झाड थंडीने मेले असे वाटते, पण खरे तर ते झाडच दुसरे होते.

फरक ओळखण्याच्या काही खुणा आहेत. एचिव्हेरियाची पाने जाड, गुळगुळीत आणि बहुधा भुरकट पावडर लावल्यासारखी असतात. सेम्परव्हिवमची पाने त्या मानाने पातळ असतात आणि त्यांच्या कडेला बारीक केसांची झालर दिसते. एचिव्हेरियाचा फुलांचा दांडा बाजूच्या पानांमधून निघतो आणि फुले घंटेसारखी असतात. सेम्परव्हिवमचा दांडा गुच्छाच्या मधोमध वर येतो आणि फुले चांदणीसारखी असतात. शंका असेल तर पहिल्या हिवाळ्यात एखादेच पिल्लू बाहेर ठेवून पाहावे, बाकीची आत ठेवावीत.

मारते ती थंडी नव्हे, ओल

काटक मांसल झाडांच्या बाबतीत एकच नियम पाठ केला तरी पुरे. कोरडी थंडी त्यांना मारत नाही, ओली थंडी मारते. पर्वतावर ही झाडे खडकाच्या फटीत, गोट्यांच्या उतारावर उगवतात. तेथे पडलेले पाणी क्षणात खाली निघून जाते. आपण मात्र त्यांना काळ्या, चिकट मातीत लावतो आणि खाली बशी ठेवतो. मुळांशी साचलेले पाणी आधी मुळे कुजवते, मग गोठून उरलीसुरली संपवते.

म्हणून मिश्रण भुसभुशीत असावे. निम्मा भाग जाड रेती, बारीक खडी किंवा विटांचे लहान तुकडे आणि निम्मा भाग साधी बागेची माती घ्यावी. त्यात मूठभर चांगले कुजलेले पानांचे खत पुरते. बारीक वाळू मात्र वापरू नये. ती मातीत मिसळून घट्ट थर बनवते. ओंजळीत मिश्रण ओले करून दाबावे. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर आणखी खडी हवी, असे समजावे.

कुंडी उथळ आणि पसरट असली तरी चालते, कारण सेम्परव्हिवमची मुळे खोल जात नाहीत. तळाला भोके भरपूर असावीत आणि बशी काढून टाकावी. बर्फ पडणाऱ्या गावात साध्या मातीच्या कुंड्या पाणी शोषून गोठतात आणि तडकतात. तेथे लाकडी खोके किंवा दगडी पात्र बरे. सर्वांत उत्तम जागा म्हणजे दगडी कुंपणाच्या भिंतीतील फट. रोप लावल्यावर पानांच्या खाली बारीक खडीचा थर पसरावा. त्यामुळे झाडाचा गळा कोरडा राहतो.

जागा अशी निवडावी की दिवसातून किमान पाच-सहा तास ऊन मिळेल. सावलीत गुच्छ सैल होऊन लांबट वाढतो आणि रंगही फिका पडतो. बंद, उबदार खोली या झाडांना मानवत नाही. त्यांची खरी जागा घराबाहेर आहे.

ऋतूप्रमाणे निगा

वसंत (मार्च ते मे) : हा वाढीचा काळ. माती पूर्ण कोरडी झाली की भरपूर पाणी द्यावे आणि पुन्हा कोरडी होईपर्यंत थांबावे. रोज थोडे थोडे शिंपडू नये. वाळलेली खालची पाने काढून टाकावीत, कारण त्यांच्याखाली गोगलगाई आणि बुरशी लपते. खत द्यायचेच असेल तर या दिवसांत एकदा, तेही अगदी कमी.

पावसाळा (जून ते सप्टेंबर) : सिमला, मसुरी, दार्जिलिंगसारख्या ठिकाणी खरी परीक्षा हिवाळ्यात होत नाही, ती पावसाळ्यात होते. दिवसचे दिवस धुके आणि रिपरिप चालू असते. कुंड्या घराच्या वळचणीखाली, पण उजेडात सरकवाव्यात. जमिनीत लावलेल्या झाडांवर पारदर्शक प्लॅस्टिकचे तिरके छप्पर करावे. बाजू मात्र उघड्या ठेवाव्यात, कारण वारा खेळणे आवश्यक आहे. लेहमध्ये पाऊस अगदी कमी, वर्षाला सुमारे १०० मिलिमीटर. तेथे पावसाची भीती नाही, उलट उन्हाळ्यात अधूनमधून पाणी द्यावे लागते.

शरद (ऑक्टोबर-नोव्हेंबर) : पाणी हळूहळू कमी करावे. नत्रयुक्त खत या काळात मुळीच देऊ नये. त्याने कोवळी वाढ होते आणि पहिल्याच गारठ्यात ती करपते.

हिवाळा (डिसेंबर ते फेब्रुवारी) : पाणी बंद. झाडावर बर्फ साचले तर झटकू नये. बर्फाचा थर ही गोधडीच असते. बाहेर तापमान कितीही उतरले तरी त्याच्याखाली ते बरेच सौम्य राहते. त्यापेक्षा रात्री गोठणे आणि दिवसा वितळणे हा रोजचा खेळ जास्त घातक असतो, कारण त्यात मुळे मातीतून उचकटली जातात. अशी रोपे दिसली तर बोटाने हलकेच दाबून बसवावीत.

किडींचा त्रास फारसा होत नाही. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण समजावा आणि स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढावा. गुच्छाचा मध्य काळा पडून मऊ झाला तर ती कूज असते. असे झाड काढून टाकावे आणि त्याची निरोगी पिल्ले नव्या, कोरड्या मिश्रणात लावावीत.

मैदानी शहरांत काय?

मुंबई, ठाणे, नागपूर येथील वाचकांनी सेम्परव्हिवमच्या मोहात न पडलेलेच बरे. त्याला हिवाळ्याची विश्रांती लागते आणि उन्हाळ्याच्या गरम, दमट रात्री त्याला सोसत नाहीत. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही रात्री दहिवर गोठते खरे, पण तेथील प्रचंड पावसापुढे ते टिकवणे अवघड आहे. मैदानात कोरफड, पानफुटी, जेड हीच झाडे आनंद देतात. दिल्ली, चंदिगड किंवा डेहराडून येथे पसरणारे सेडम हिवाळ्यात छान राहते. उन्हाळ्यात त्याला दुपारची सावली आणि पावसाळ्यात आडोसा द्यावा लागतो.

डोंगरावरून उपटू नका

सहलीला गेलेल्या कुटुंबांना खडकावरचे एखादे गोजिरवाणे झाड दिसते आणि ते पिशवीत टाकण्याचा मोह होतो. एकच तर आहे, असे वाटते. पण थंड पर्वतावर वाढीचा हंगाम जेमतेम तीन-चार महिन्यांचा असतो. तळहाताएवढे झाड तयार व्हायला कित्येक वर्षे लागलेली असतात आणि उपटलेले झाड खालच्या उष्ण हवेत बहुधा दगावतेच.

लडाखमधील ‘शोलो’चे उदाहरण बोलके आहे. रोडिओला नावाने जगभर ओळखली जाणारी ही मांसल वनस्पती चार हजार मीटरहून अधिक उंचीवर उगवते. लडाखी घरांत तिची कोवळी पालवी शिजवून दह्यात कालवून खातात. पालवी खुडली तर झाड पुन्हा फुटते. लेहच्या संरक्षण उच्च-उन्नतांश संशोधन संस्थेत या वनस्पतीवर संशोधन झाले आहे आणि ८ ऑगस्ट २०१९ रोजी राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणात पंतप्रधानांनी तिचा ‘सोलो’ या नावाने उल्लेख केला होता.

पण जगाच्या बाजारात मागणी आहे ती तिच्या मुळांना. थकवा घालवणारे औषध म्हणून त्यांच्या गोळ्या विकल्या जातात. मूळ काढले की झाड संपते. त्यात या झाडांमध्ये नर आणि मादी वेगवेगळे असतात. एका उतारावरची बरीच झाडे गेली की उरलेल्यांना जोडीदार मिळत नाही आणि बी धरणेही थांबते. म्हणूनच नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथे भरलेल्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेत रोडिओलाच्या सर्व जातींचा समावेश नियंत्रित व्यापाराच्या यादीत करण्यात आला. आता परवान्याशिवाय त्यांचा देशोदेशींचा व्यापार करता येत नाही.

बागेच्या हौसेनेही असेच नुकसान होते. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात समुद्रकाठच्या कड्यांवरून डडलिया नावाची मांसल झाडे चोरून परदेशी विकण्याचे प्रकार इतके वाढले की ते रोखण्यासाठी २०२१ साली तेथे खास कायदा करावा लागला. घरातल्या खिडकीची शोभा डोंगर उघडा करून मिळवायची का, याचा विचार प्रत्येक हौशी माणसाने करायला हवा. रोपवाल्याला ‘हे रोप कुठे तयार केले?’ एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली तरी पुष्कळ काम होईल.

वाटल्याने वाढणारे धन

आणि खरे पाहता उपटण्याची गरजच नाही. सेम्परव्हिवमची एक कुंडी घेतली की दोन-तीन वर्षांत ती काठोकाठ भरते. आईच्या गुच्छातून बारीक दोरीसारखे देठ निघतात आणि त्यांच्या टोकाला पिल्ले धरतात. देठ वाळू लागला की पिल्लू अलगद सुटते. ते खडीमिश्रित मातीवर नुसते टेकवून ठेवावे. पहिले आठ दिवस पाणी देऊ नये, नंतर थोडेसे द्यावे. महिन्याभरात ते मूळ धरते. एचिव्हेरियासारखे एका पानापासून मात्र हे झाड सहसा होत नाही. सेडमची बोटभर फांदी मातीत खोचली तरी पुरते.

काही वर्षांनी एखादा गुच्छ एकाएकी मधून उंच होऊ लागतो आणि त्याला गुलाबी किंवा पिवळसर फुले येतात. फुले कोमेजली की तो गुच्छ वाळून जातो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाईट वाटते आणि आपले काही चुकले का, असे मनात येते. चुकलेले काहीच नसते. प्रत्येक गुच्छ आयुष्यात एकदाच फुलतो. तोवर भोवतीची पिल्ले मोठी झालेली असतात. वाळलेला गुच्छ काढून ती रिकामी जागा खडीने भरावी. पुढच्या वसंतापर्यंत पिल्ले ती व्यापून टाकतात.

बदलीच्या गावी जाताना जड कुंड्या नेता येत नाहीत. ही पिल्ले मात्र वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळली तर काही दिवस मातीवाचून सहज राहतात. दोन शेजारणीला द्यावीत, दोन बरोबर न्यावीत. नव्या गावी खडी, माती आणि उन्हाचा एक कोपरा मिळाला की पुरे.